शेरा क्रमांक बावीस

४ ऑगस्ट १९९६, रविवार

अभ्यासकेंद्राच्या जिन्याखालची खोली आज उघडली आणि डोकं फिरलं. गेलो होतो खडूंचा खोका शोधायला, सापडले गेल्या वर्षीचे स्वाध्याय. गठ्ठेच्या गठ्ठे, सुतळीत, मी बांधले होते तसेच. घरी बसून बी.ए. करणाऱ्यांनी अर्थशास्त्राचे वर्षात चार स्वाध्याय लिहायचे, मी ते तपासून खाली शेरा लिहायचा आणि त्यांनी ते परत नेऊन वाचायचे, असा विद्यापीठाचा नियम. नेतंय कोण? आमच्या शिपाई कमळाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पोरं खिडकीशी येतात, मार्क विचारतात आणि जातात. कागद पुढे केले तर म्हणतात, राहू द्या तुमच्याकडेच.

खालच्या दोन गठ्ठ्यांना वाळवी लागलीय.

एकोणीस वर्षं मी शेरे लिहितोय. बारा कॉलेजात, सात इथे, दर रविवारी, पाठीचा पार काटा ढिला होईपर्यंत. एखाद्याच्या पानावर तर अर्धं पान लिहायचो. ते सगळं वाळवीसाठी? जेवताना मनिषाला सांगितलं तर ती म्हणाली, "मी तरी कुठे तुमचे शेरे मनावर घेते? वीस वर्षं चाललंच ना." हिला कशाचंही गांभीर्य नाही.

११ ऑगस्ट

प्रदीप भेटला, लाईन आळीत कॉम्प्युटरचा क्लास चालवतो तो. माझाच विद्यार्थी, अर्थशास्त्रात जेमतेम पास. रस्त्यातच त्याच्यापुढे मन मोकळं केलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, सर, तुमचं अक्षर कुणाला लागत नाही हो. (हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.) शिवाय तुम्ही फिरून फिरून तीच वाक्यं लिहिता. त्यांना नंबर द्या. तुम्ही नुसते नंबर टाकायचे, मशीन नंबरासकट पूर्ण वाक्यं छापून प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी काढेल. पुढच्या खेपेला तोच नंबर त्याच मुलाला पुन्हा लागला की शेजारी चांदणी उमटेल. म्हणजे कोण सुधारला, कोण नाही, लगेच कळेल.

केंद्रात कॉम्प्युटर आहे. दीड वर्ष प्लास्टिकच्या कव्हराखाली बसून आहे, वर जास्वंदीचं फूल वाहतात.

रात्रीपासून तेच डोक्यात.

२५ ऑगस्ट, रविवार

शेऱ्यांची यादी झाली. साठ. वाटलं होतं तीन-चारशे तरी निघतील. जुने गठ्ठे चाळून चाळून काढले, साठाच्या वर जाईचना. जरा मनाला लागलं. मनिषा म्हणाली, साठ म्हणजे पुष्कळ झाले, घरी तर बारावरच भागतं तुमचं.

प्रदीपने टाइप करता करता विचारलं, "सर, यात शाबासकीचा एकही नाही?" मी म्हटलं, शाबासकीसाठी मार्क असतात.

विभागीय कार्यालयातले साहेब येऊन गेले. त्यांना हे पसंत आहे, पण सरकारी पद्धतीने पसंत. म्हणाले, मार्चमध्ये समिती आणतो, तोवर चारात एक विद्यार्थी तरी सुधारलेला दाखवा, मग सगळ्या केंद्रांना तुमचा प्रोग्रॅम लावू. माझ्याकडे आहेत एक्केचाळीस. म्हणजे अकरा सुधारले की जिंकलो. मला ते सगळ्या केंद्रांचं वगैरे काही नको. कुणीतरी वाचतं, एवढं कळलं तरी मला झोप लागेल.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पहिल्या चिठ्ठ्या निघाल्या. प्रिंटर कोकलतो नुसता. कमळाबाई कानांवर हात ठेवून बाहेर जाऊन बसल्या. पण अक्षरं काय सुरेख! मी स्वतःचे शेरे स्वतः वाचत बसलो.

मार्क हवे असतील तर चिठ्ठी घ्यावीच लागेल, असं खिडकीवर लावलंय. तरी दिवसभरात आली किती, तर नऊ माणसं. त्यात एक विद्यार्थी नव्हेच. मोठीखारची बाई, उरण गाडीनं आलेली, पिशवीत पापलेटं. गावातले सहा जण आमच्याकडे आहेत, हजेरीत एकवीस ते सव्वीस, सगळे बंदरातल्या नोकरीवाले. जमिनी गेल्या, नोकऱ्या मिळाल्या, आता बढतीसाठी पदवी पाहिजे. ही त्यातल्या प्रितमची वहिनी, भामा. पोरं पाळीवर असतात म्हणून कागद न्यायला आली. दिल्या चिठ्ठ्या. बाई जाईचना. खिडकीशी उभी राहून सहाच्या सहा वाचून काढल्या आणि मग मला हाक मारली. प्रितमला चौदा नंबर आहे, "अशी उदाहरणे आणखी द्यावीत". भरतला बावीस आहे, "वैयक्तिक अनुभव टाळावेत". उदाहरण दोघांचं मिठाचंच आहे, तर एकाला पाहिजे आणि एकाला नको, हे कसं?

मी म्हटलं, तुम्ही कागद पोचवा, ज्याचं त्याला कळेल. आता निरोप्याला काय अर्थशास्त्र समजावत बसायचं? पण अर्धा दिवस मनात तेच घोळत होतं. भरतचा स्वाध्याय तपासताना दुपारची वेळ असेल, दुसरं काय.

२० ऑक्टोबर, रविवार

दुसरे स्वाध्याय तपासले. बहुतेकांच्या चिठ्ठ्यांवर चांदण्याच चांदण्या, सगळं आभाळ उतरलंय. पण मोठीखारचे सहा, एकही चांदणी नाही! "व्याख्या आधी द्या" म्हटलं होतं, व्याख्या आधी दिली. "आकृतीला नावे द्या", दिली. प्रितमने तर मीठ पिकतं तेव्हा भाव का पडतो आणि साठवायला कोठार असलं तर कसा तरतो, यावर चार पानं लिहिलीत. पुस्तकात ही कुठेच नाहीत. वाचताना मी चहा घ्यायचा विसरलो.

वाचतात! प्रदीपला फोन करून सांगितलं. त्याला कळेना मी एवढा का ओरडतोय.

३ नोव्हेंबर, रविवार

आज वर्गात मोठीखारचे चार जण आले होते. प्रितमला उभं केलं, म्हटलं ते कोठाराचं सगळ्यांना सांग. तो उभा राहिला, खाली बघितलं आणि म्हणाला, "लिवलंय ना सर." बस. बाकीचे हसले. रात्रपाळी करून आला होता बिचारा, डोळे लाल. आणि खेड्यातली मुलं चारचौघांत बोलायला बुजतातच. लिहिताना कसा खुलतो पाहा. असल्यांसाठीच हा प्रोग्रॅम आहे, हे समितीला सांगायला हवं.

५ डिसेंबर, गुरुवार

तिसऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. भामाबाई येऊन सहा घेऊन गेल्या. काही विचारलं नाही, वाचत मात्र उभ्या होत्या.

१२ डिसेंबर, गुरुवार

बोंबाबोंब. सुकापूरची दिपा खिडकीशी येऊन चिठ्ठी फडकवत होती. मी आकृती काढलीच नाही तर "आकृती अस्वच्छ" कुठून आलं? तिच्या मागे आणखी तिघं. प्रदीपला बोलावलं. त्याने पाच मिनिटांत चूक काढली. पहिल्या नंबरची मुलगी लग्न होऊन गेली म्हणून मी यादीतून तिचं नाव काढलं, पण शेऱ्यांच्या यादीत तिची ओळ तशीच राहिली. झालं, प्रत्येकाचं नाव एकेक घर वर सरकलं आणि चाळीस जणांना शेजाऱ्याचे शेरे गेले. हात कापून घ्यावासा वाटला.

यातली दुःखाची गोष्ट ही की चाळिसातल्या चौघांच्याच ते लक्षात आलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

चार नव्हे, पाच, चुकलो. चौघं आणि भामाबाई. आज चिठ्ठ्या घेऊन परत आल्या. प्रितमच्या नावाची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "ह्यो आमचा नाय." मी म्हटलं, नाव तर प्रितमचं आहे. "नाव हाय. लिवलेलं त्याचं नाय. त्याचं पुढच्याच्या नावावर आलंय, असे सगळे एकेक सरकलेत. आणि भरतचा आलाच नाय, तो द्या." अगदी बरोबर. प्रितमच्या नावावर आलेले शेरे दिपाचे होते आणि भरतचे सत्ताविसाव्या नंबरला गेले होते. नवी चिठ्ठी छापून दिली. घडी घालून पिशवीत ठेवली आणि गेल्या. वाटलं, काय चोख बाई आहे, हिला पोस्टात घ्यायला हवी.

हे सगळं कौतुकानं मनिषाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "नाव नसताना कुठला शेरा कुणाच्या उत्तराला आहे हे तिला कळलं. मग उत्तरं लिहिली कुणी?"

भाजी निवडून झाली तरी मी तिथेच उभा होतो.

२१ डिसेंबर

सहा जणांचे केंद्रातच राहिलेले तीन-तीन, म्हणजे अठरा स्वाध्याय जमिनीवर पसरून बसलो. अक्षरं सहा वेगळी, प्रत्येकाने आपापल्या हाताने उतरवलंय. पण आतलं माणूस एक. भरतला दिलेला शेरा प्रितमच्या पुढच्या उत्तरात पाळलेला. प्रितमला म्हटलं होतं "निष्कर्ष लिहा", तर सहाही जणांना निष्कर्ष फुटले. मी गाढव आहे. एकोणीस वर्षांचा अनुभव, आणि भाजी निवडता निवडता हिला दिसलं ते मला तीन महिने दिसू नये?

संतापाने बसवत नाही. तक्रार लिहायला घेतली. सहा जणांची नोंदणी रद्द होईल. व्हायलाच हवी. मग समितीपुढे कुणाला नाचवू? कागद फाडला. पुन्हा लिहिला. तोही फाडला.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी. कुणाला न सांगता मोठीखारला गेलो. प्रितमचं घर पक्कं आहे, स्लॅबचं, नुकतं रंगवलेलं. प्रितम झोपेतून उठून आला आणि मला बघून त्याचा चेहरा उतरला. काही विचारायच्या आधीच बोलू लागला. सर, बढती अडलीय, पाळीवरून आल्यावर डोळे उघडत नाहीत, वैनीला आवडतं म्हणून तिनं लिवलं, आम्ही उतरवलं. वैनीला आवडतं! मी विचारलं, ती शिकली किती? म्हणाला, दहावीला गणित राहिलं, मग लग्न झालं.

भामाबाई मिठागरावर होत्या. अजून मीठ धरलेलं नाही, सध्या वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचं काम चालू आहे. सात-आठ बायका एका ओळीत, गुडघ्यापर्यंत चिखल. मी बांधावर बूट सांभाळत उभा. त्या मला बघून आल्या, पाय न धुताच. रस्ताभर तयार केलेलं भाषण मी तिथे म्हटलं. फसवणूक, नियम, सहा मुलांचं वाटोळं. बाकीच्या बायका काम थांबवून ऐकत होत्या, त्यामुळे माझा आवाज आणखी चढला.

भामाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. माफी मागतील, रडतील, असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, पोरांचे मार्क जातील का? म्हटलं, जातील.

"मार्क काढून घ्या सर, ते त्यांचे हायत. पण कागद बंद नका करू. ते मी वाचते."

मी बांधावरून परत फिरलो. उरण गाडी मिळाली नाही, टेंपोतून आलो.

२ जानेवारी १९९७

झोप नाही. कुणीतरी वाचावं म्हणून एवढा आटापिटा केला. वाचणारं माणूस मिळालं तर ते माझ्या हजेरीतच नाही.

१२ जानेवारी, रविवार

प्रदीप म्हणतो गप्प बसा. मार्चपर्यंत दम धरा, एकदा प्रोग्रॅम सगळीकडे लागला की काय ते निस्तरू. त्याने माझ्यासाठी फुकट राबलंय, नव्या कॉम्प्युटरची ऑर्डरही दिलीय. साहेबांचाही फोन आला, आकडा किती? मी म्हटलं, चाळिसात अकरा. खूष झाले. अकरातले सहा मोठीखारचे, हे मी सांगितलं नाही. एवढा भित्रा मी कधीपासून झालो?

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर सहाही जणांना थांबवून घेतलं. आधीचे तिन्ही स्वाध्याय रद्द, इथे माझ्यासमोर बसून नवे लिहा, जेवढं येईल तेवढं, तक्रार करणार नाही. तिघांनी पेन उचललं, तिघे निघून गेले, त्यात भरतही होता. प्रितमने दोन तासांत दीड पान लिहिलं, व्याख्या चुकलेली, आकृती वाकडी, पण सगळं त्याचं. घाम पुसत म्हणाला, सर, वैनी कशी लिवते कुणास ठाऊक.

पास केलं त्याला. काठावर. आणि शेरा हाताने लिहिला, सुवाच्य.

६ मार्च, गुरुवार

आज समिती येऊन गेली.

काल संध्याकाळपर्यंत माझं ठरत नव्हतं. सहा नावं ठेवून एक तक्ता छापला होता आणि सहा नावं काढून एक. सकाळी दोन्ही घेऊन निघालो. साहेबांनी हात पुढे केला तेव्हा दुसरा दिला. चौतिसात पाच. साहेब म्हणाले, तुम्ही तर अकरा म्हणाला होतात. मी म्हटलं, ते सहा जणांचं काम नव्हतं, एका बाईचं होतं, आणि ती आपल्याकडे नाही. त्यांना वाटलं मी काहीतरी गूढ बोलतोय.

निर्णय अर्ध्या तासात झाला. प्रोग्रॅम उत्तम आहे, सगळ्या केंद्रांना लावू, फक्त शेऱ्यांचा भाग काढून टाका. मार्क तेवढे छापू द्या, कागदही वाचेल. प्रदीपला काम मिळालं, तो साहेबांना सोडायला गाडीपर्यंत गेला. मी खोलीत बसून राहिलो. कमळाबाई चहा ठेवून गेल्या. त्यांनी विचारलं, ती मासळीवाली बाई आता यायची नाही का?

२० मार्च, गुरुवार

आली. आज पिशवीत मासळी नव्हती, वही होती. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. म्हणाल्या, पोरांचं बंद झालंय म्हणून हे दाखवून जाते, नायतर माझ्याकडे पडून राहील.

वहीत माझे सगळे शेरे. सहा जणांच्या तीन खेपांच्या चिठ्ठ्या, तारखांसकट उतरवलेल्या. प्रत्येकापुढे त्यांनी काय केलं ते लिहिलेलं. "केलं." "केलं, पण पुस्तकात सापडलं नाय, शाळेच्या बाईंना विचारलं." "कळलं नाय." आणि शेवटच्या पानांवर माझ्या चुका. चिडून नव्हे हो, नुसती नोंद. "१४ आणि २२ एकाच उदाहरणाला. दोनदा." "३१ मध्ये थोडक्यात लिहा म्हणतात, ३२ मध्ये सविस्तर. भरतला दोन्ही एकाच दिवशी." "२२ नेहमी मिठाच्या उदाहरणाला लागतो, कापडाच्या कधी लागला नाय." हे शेवटचं वाचून कानशिलं तापली. जुने स्वाध्याय काढून पडताळलं. खरंय. गिरणी आली की मी अर्थशास्त्र वाचतो, मिठागर आलं की मला अनुभव दिसतो.

मी विचारलं, माझं हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत? त्या म्हणाल्या, "पयल्याच दिवशी विचारलं होतं. तुमी कागद पोचवा म्हणालात."

माफी मागितली. खिडकीतून मागता येईना म्हणून बाहेर जाऊन मागितली. कमळाबाई बघत होत्या, बघू देत. मग सांगितलं, दहावी नसली तरी चालतं, प्रवेशपरीक्षा द्यायची, जुलैत नाव लागतं. फॉर्म दिला. त्यांनी तो तिथेच उभ्याने सगळा वाचला, मागची बाजूसुद्धा, आणि म्हणाल्या, गणित नाय ना यात? थोडंच आहे म्हटल्यावर तोंड वाकडं केलं, पण फॉर्म पिशवीत ठेवला.

१३ एप्रिल, रविवार

गुरुवारी कमळाबाईंच्या हाती सोळा पानं ठेवून गेल्या. वर नाव, भामा, मोठीखार. हजेरी नंबराच्या जागी रेघ. मी काही लिहायला सांगितलं नव्हतं. विषय स्वतःच निवडलाय, मिठागरावरच्या बायकांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी का. आई, सासू, त्या स्वतः. सगळा वैयक्तिक अनुभव, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. आणि अकराव्या पानावर एक चूक आहे, मोठी, पण अशी की चांगल्या अर्थशास्त्र्यानेच करावी.

सवयीने कॉम्प्युटर लावला. तो हजेरी नंबर मागतो, त्याशिवाय पुढे जात नाही. आणि प्रदीपने शेरे काढूनच टाकलेत. बंद केला, घरी आलो, लाल पेन घेतलं.

सकाळी नऊपासून बसलोय, आता दीड वाजलाय. एकोणीस वर्षं मी बेधडक लिहीत आलो, हात कधी अडला नाही. आज पहिलीच ओळ चौथ्यांदा खोडली. मनिषा दोनदा जेवायला बोलावून गेली, तिसऱ्यांदा आली ती मागे उभी राहून वाचू लागली. तिला म्हटलं, जा, होईल माझं.

व्हायलाच हवं. गुरुवारी भामाबाई पानं न्यायला येणार आहेत.